लालबाग ते वडाळा, परळवरून

आषाढी एकादशीला आमच्या चाळीची दिंडी लालबागहून वडाळ्याला जाते. कात्रक रोडवरच्या विठ्ठलमंदिराला मुंबईकर प्रतिपंढरपूर म्हणतात. ज्याला पंढरी गाठता येत नाही तो इथे येतो.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. त्या आषाढीला एसटीच्या तिकिटालाही पैसे नव्हते, म्हणून चाळीतली माणसं टाळ घेऊन वडाळ्याला चालत निघाली. आमची दिंडी तेव्हापासूनची.

त्या काळात कोपऱ्यावरच्या वाण्याने आम्हाला उधारीवर ज्वारी दिली, तेल दिलं. खानावळवाल्या मावशी रात्री उरलेलं कालवण स्वतः वर आणून द्यायच्या. वाण्याने ती वही आमच्यापुढे कधीच उघडली नाही. पुढे तो दुकान विकून गावी गेला. आई म्हणते, “आता त्याला कुठं शोधू? समोर दिसतंय त्याला देते.”

समोर म्हणजे परळला. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात टाटा हॉस्पिटलच्या फुटपाथवर प्लास्टिक अंथरून राहणारी कुटुंबं आम्ही रोज पाहत होतो. बिहार, बंगाल, आसाममधून आलेली, रिपोर्टची फाइल उशाला घेऊन झोपणारी. मुंबईत खोली भाड्याने घेणं त्यांना परवडत नाही. तेव्हापासून दिंडी आंबेडकर रोडने सरळ न जाता परळला वळते.

एकादशीच्या पहाटे चाळीत चपात्या लाटल्या जातात, बटाट्याची भाजी होते. आम्ही भगर खातो. पहिल्या वर्षी कुणीतरी म्हणालं, सगळ्यांना साबुदाण्याची खिचडीच वाटू, सोपं पडेल. आईने ऐकलं नाही. “उपास आपला आहे, त्यांचा नाही. केमोच्या माणसाबरोबर धावपळ करणाऱ्याला पोटभर लागतं.” मला ती शंभर टक्के पटते.

यंदा पाऊस लागून होता. वीणेकरी पुढे, मागे पताका, मध्ये आई तुळस डोक्यावर घेऊन. तिचे गुडघे दुखतात, तरी तुळस ती कुणाला देत नाही. फुटपाथवरची एक बाई उठली आणि आईच्या पाया पडली. आईही तुळस सांभाळत वाकली आणि तिच्या पाया पडली. वारीत असंच असतं, पण त्या बाईला ते ठाऊक नव्हतं. ती गडबडली, मग रडली. नवऱ्याची तारीख पुढे ढकलली गेली होती. कोणत्या खिडकीवर विचारायचं, तेच तिला कळत नव्हतं.

माझी लेक टाळ माझ्या हाती देऊन तिच्याबरोबर आत गेली. आम्ही भोईवाडा, नायगाव करत पुढे निघालो. लेक थेट वडाळ्याला, दर्शनाच्या रांगेत भेटली. म्हणाली, “आई, चपात्या द्यायला पुष्कळ जण येतात गं. फॉर्म वाचून दाखवणारं कुणी नाही.” आता ती आणि चाळीतली कॉलेजची मुलं दर शनिवारी सकाळी तिथे जातात. हिंदी सगळ्यांना येते, बंगाली बोलणारं कुणीतरी हवं आहे.