आमची वाटचाल : गोळीसोडा आणि तीन दारूबंद्या

आमचा कारखाना सोडावॉटरचा आहे. तीन पिढ्यांत आम्ही दारूचा एक थेंबही विकलेला नाही, तरीही या शहरात दारूवर जेव्हा जेव्हा बंदी आली, तेव्हा तेव्हा तिचा फटका आमच्या खतावणीवर बसला. बंदीबद्दल बोलताना पिणारा, विकणारा आणि सरकार या तिघांचाच विचार होतो. सोडा, बर्फ, चणे-फुटाणे आणि रिकाम्या बाटल्यांवर पोट असलेल्यांची आठवण कोणालाच होत नाही. म्हणून ही हकिगत सविस्तर लिहीत आहे.

आजोबांनी 1930 च्या दशकात गिरगावात कारखाना काढला तो एका भागीदाराच्या भरवशावर. हे गृहस्थ माहीमचे, भंडारी समाजातले, आणि त्यांचे स्वतःचे ताडीचे दुकान होते. पहिल्या यंत्राचे पैसे त्यांनीच घातले. बिडाचा सांगाडा, पितळी तोट्या आणि हाताने फिरवायचे चाक असलेले ते यंत्र आजही आमच्याकडे चालू स्थितीत आहे. मानेत बुचाऐवजी काचेची गोळी बसणाऱ्या बाटलीची धंद्यातल्या माणसांना ओळख करून द्यायला नको. हायरम कॉड यांनी 1872 मध्ये पेटंट घेतलेली ती बाटली पाळण्यात उलटी होऊनच भरावी लागते, म्हणजे गॅसच्या दाबाने गोळी मानेतल्या रबरी वॉशरवर घट्ट बसते. पाणी जितके थंड, तितका गॅस त्यात अधिक मुरतो. पाणी कोमट राहिले तर काट्यावर दाब पुरेसा दिसूनही ग्लासात सोडा मेलेलाच पडतो. यंत्राचे झाकण लावल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही, हा आजोबांचा नियम होता, कारण फुटलेल्या बाटलीची काच डोळ्यात जायला क्षणही लागत नाही. वॉशर फाटण्याची वाट न पाहता ठरलेल्या मुदतीत बदलावा, हे नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना मी आवर्जून सांगतो.

पहिली बंदी 1 ऑगस्ट 1939 रोजी मुंबई शहरात लागू झाली. 1930 च्या कायदेभंगात स्त्रियांनी दारूच्या दुकानांवर निदर्शने केली होती, गांधीजींचा आग्रह सर्वश्रुत होता, आणि गिरणगावातल्या मजुराचा पगार घरी पोचण्याआधी गुत्त्यात संपतो ही तक्रार खरी होती. 1937 मध्ये सत्तेवर आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात आरोग्य आणि अबकारी ही खाती डॉ. गिल्डर यांच्याकडे होती आणि त्यांनी हे धोरण निष्ठेने राबवले. अबकारी उत्पन्नाची तूट भरून काढण्यासाठी शहरातल्या स्थावर मालमत्तेवर दहा टक्के कर बसवण्यात आला. मद्रासेत राजगोपालाचारींनी त्याच वर्षी विक्रीकर आणला, त्यामागेही दारूबंदीने पडलेले खिंडारच होते. बंदीचा खर्च न पिणाऱ्यालाही भरावा लागतो, तो असा. आमच्या भागीदारांचे ताडीचे दुकान बंद झाले. युद्धाच्या प्रश्नावर नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि बंदी ढिली पडली, पण त्यांचे दुकान काही पुन्हा उघडले नाही. त्यांनी आपला हिस्साही कधी परत मागितला नाही. आमच्या घरी दिवाळीच्या वहीपूजनात त्यांचे नाव आजही पहिल्या पानावर लिहिले जाते.

दुसरी बंदी अधिक कडक होती. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आणि एप्रिल 1950 पासूनची संपूर्ण बंदी यांचे श्रेय अथवा दोष लोक मोरारजी देसाईंना देतात. या कायद्याला आव्हान देणाऱ्या बाळसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये कायदा मोठ्या प्रमाणात उचलून धरला, मात्र मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यापुरती काही कलमे रद्द केली. लोकांनी आल्याचा अर्क आणि कोलनवॉटर पोटात घातले ते याच काळात. घराघरांत चोरून दारू विकणाऱ्या ‘आंटीं’चे अड्डे निघाले, हातभट्टीच्या पैशावर गुन्हेगारी टोळ्या पोसल्या गेल्या, आणि पोलिसांचा हप्ता हा शहराचा नित्याचा खर्च होऊन बसला. आजोबा सांगत की अड्ड्यावर माणूस घाईत असतो. तो उकडलेले अंडे तोंडात टाकतो, ग्लास उभ्या उभ्या रिकामा करतो आणि निघतो, सोड्यासाठी थांबत नाही. अमेरिकेत 1920 ते 1933 या बंदीच्या काळात नेमके उलटे घडले. तिथे चोरट्या दारूची चव दडवण्यासाठी जिंजर एल या आल्याच्या सोड्याचा खप वाढला, आणि मद्यनिर्मात्यांपैकी युएंगलिंगने दुग्धशाळा काढली, तर कूर्सने माल्टेड मिल्क आणि चिनी मातीच्या वस्तूंवर दिवस काढले. आमच्याकडे आधार झाला तो इराण्यांच्या हॉटेलांचा आणि तिथे खपणाऱ्या रास्पबेरी सोड्याचा.

पुढे वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत बंदी सैल झाली, परमिट रूम आल्या, कारखाना गिरगावातून जोगेश्वरीला हलला आणि वडिलांच्या हातून धंदा चांगला वाढला. 1977 मध्ये मोरारजीभाई पंतप्रधान झाले आणि चार वर्षांत देशभर दारूबंदीची भाषा सुरू झाली, तेव्हा वडिलांनी नव्या यंत्राची ऑर्डर थांबवली होती. 1979 मध्ये सरकार पडले आणि यंत्र आले.

तिसरी बंदी मी स्वतः सोसली. 15 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्रीला देशभर मनाई केली. रस्ता अपघातात अपंगत्व आलेले चंदीगडचे हरमन सिद्धू यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला होता, आणि 2015 या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1 लाख 46 हजारांहून अधिक माणसे दगावली होती. त्यामुळे हेतूबद्दल माझा कधीच वाद नव्हता. आम्हा सर्वांची समजूत मात्र अशी होती की आदेश बाटलीबंद दारू विकणाऱ्या दुकानांपुरता आहे. शुक्रवारी, 31 मार्च 2017 रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की बार आणि हॉटेलेही त्यात येतात, आणि दुसऱ्याच दिवशी आदेश लागू झाला. शनिवारी आमचा आठवड्यातला सर्वांत मोठा माल जातो. शुक्रवारी रात्री टेंपोत चढवलेले क्रेट शनिवारी संध्याकाळी तसेच परत उतरवले गेले.

पश्चिम द्रुतगती मार्गाच्या दोन्ही अंगांना 500 मीटर मोजले की आमच्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्याहून अधिक त्यात सापडत होते. हॉटेलमालकांना संघटना होती, वकील होते, मंत्रालयात ओळखी होत्या. आम्हाला दारूचा परवानाच नव्हता, त्यामुळे तो रद्द झाल्याची नोटीसही आली नाही आणि दाद मागण्याची जागाही उरली नाही. उधारी अडकली, कारण बंद बारचा मालक प्रथम कामगारांचे पगार बघतो आणि सोडेवाल्याला पुढच्या महिन्याचा वायदा देतो. गॅसवाल्याने मात्र सिलिंडर रोखीशिवाय द्यायला नकार दिला. भरणीवरचे दोन तरुण रत्नागिरीकडे गावी गेले ते परतले नाहीत. हाताखाली तयार केलेला भरणीवाला गेला की त्याची जागा जाहिरात देऊन भरता येत नाही.

या काळात कारखाना तगला तो विलेपार्ल्याच्या एका गिऱ्हाइकामुळे. उडुपीकडचे हे अण्णा वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांच्या परमिट रूमचे त्यांनी रातोरात जेवणघर केले, मागची सगळी बाकी चुकती केली आणि मला बसवून सांगितले, “दारू नाही तर नाही, माणसाला जेवल्यावर ढेकर तर हवीच. जिरे घाल, आले घाल, लिंबू घाल, मी रोज क्रेट घेतो.” त्यांच्या गल्ल्याजवळ उभे राहून आम्ही जिरासोड्याचे प्रमाण बसवले. पहिल्या भरणीत भाजलेल्या जिऱ्याचा रवा वॉशरखाली अडकून गॅस निसटत होता, म्हणून पूड दुहेरी मलमलीतून गाळून तिचा फक्त अर्क वापरायला लागलो. तोच जिरासोडा पुढे फरसाणवाले आणि लग्नाचे केटरर यांच्याकडे गेला.

11 जुलै 2017 रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीतल्या परवानाधारकांना हा आदेश लागू नाही. तरीही परवाने प्रत्यक्ष हाती पडेपर्यंत आणखी वेळ गेला, आणि तेवढ्या अवधीत प्लास्टिकच्या बाटलीतला सोडा विकणाऱ्या एका मोठ्या व्यावसायिकाने आमचा घास काढून घेतला. बार उघडण्याआधीच त्याची माणसे मालकांच्या घरी पोचली, फुकट फ्रिज आणि लांब मुदतीची उधारी देऊन त्यांनी दुसऱ्याचा सोडा ठेवायचा नाही असे करार करून घेतले. ज्यांच्या पडत्या काळात आम्ही वसुलीसाठी तगादा लावला नाही, त्यांच्यापैकी कित्येकांनी त्या करारांवर सह्या केल्या. स्पर्धा मला मान्य आहे, पण आमच्या चवीशी स्पर्धा कोणी केलीच नाही, आणि हे शल्य अजून गेलेले नाही. लहान कारखानदारांनी एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकाला एक तृतीयांशापेक्षा अधिक माल देऊ नये, बाटलीची अनामत आधी घ्यावी आणि वर्षाचा बोलीव्यवहार कागदावर आणावा, एवढे या निमित्ताने सांगतो.

मी दारूचा कैवारी नाही. ज्या घरातला कर्ता पिऊन पडतो त्या घरातली बाई बंदी मागते, तेव्हा ती तिच्या हक्काचे मागते. पण जून 2015 मध्ये मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, तीही परवान्याची दारू राजरोस मिळत असताना, कारण गरिबाला स्वस्त तेच परवडते. सरसकट बंदीने हा स्वस्त विषाचा बाजार बंद होत नाही, उलट त्याला नवे गिऱ्हाईक मिळते, हे आजोबांच्या काळातल्या मुंबईने पाहिले आहे. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली बंदी आली आणि 2021 साली उठली. दोन्ही वेळच्या चर्चेत महसूल होता, गुन्हे होते, परवाने होते, पण सोडेवाला माझ्या तरी वाचनात आला नाही.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. पुढे राज्यात किंवा देशात बंदीचा विचार झाला, तर सोडा, बर्फ, बाटल्या, बुचे आणि चणे-फुटाणे विकणाऱ्यांची नोंद आधी व्हावी, त्यांना निदान सहा महिन्यांची पूर्वसूचना मिळावी आणि त्यांच्या कामगारांचा विचार परवानाधारकांच्या कामगारांबरोबरच व्हावा. जोगेश्वरी-अंधेरी पट्ट्यातल्या अशा धंद्यांची यादी आम्ही करायला घेतली आहे. ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी दुपारी भरणी आटोपल्यावर कारखान्यात यावे.