जोडी जमली हे कळतं कसं?

2022 साली क्लाउझर, आस्पे आणि त्सायलिंगर यांना गुंतलेल्या फोटॉनांवरच्या, म्हणजे प्रकाशाच्या कणांवरच्या, प्रयोगांसाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हापासून लग्नकार्यातसुद्धा मला कोणी ना कोणी गाठतंच. ‘ते तुमचे फोटॉन खरंच एकमेकांत गुंतलेले असतात? दिसतात का?’ आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

दिसत काहीच नाही. 405 नॅनोमीटरचा जांभळा लेसर, त्याच्या वाटेत एकाला एक चिकटवलेले, काटकोनात फिरवलेले बीबीओचे (बेरियम बोरेटचे) दोन पातळ क्रिस्टल. कोट्यवधी फोटॉन आरपार निघून जातात, तेव्हा कुठे एखादा फुटून 810 नॅनोमीटरचे दोन होतात. एका क्रिस्टलमधली जोडी आडव्या ध्रुवीकरणाची (म्हणजे तिच्या प्रकाशलहरी आडव्या डोलतात), दुसऱ्यातली उभ्या. खोलीत मिट्ट काळोख, पॉवर सप्लायच्या इवल्याशा दिव्यावरही काळी टेप. कोणाचा मोबाइल उजळला की काउंट्स, म्हणजे डिटेक्टरनं मोजलेले फोटॉन, उसळतात आणि त्याला बाहेर काढलं जातं.

दोन्ही डिटेक्टर काही नॅनोसेकंदांच्या आत वाजले की ती जोडी धरायची. त्यातही तोतये असतात. दोन्हीकडे सेकंदाला 50,000 काउंट्स आणि 10 नॅनोसेकंदांची मुभा असेल, तर निव्वळ योगायोगाच्या 25 जोड्या दर सेकंदाला घुसतात. त्या वजा करायच्या.

पण एकत्र जन्मले म्हणजे गुंतले असं नाही. प्रत्येक डिटेक्टरसमोर पोलरायझर असतो, एकाच दिशेचं ध्रुवीकरण आरपार सोडणारी गाळणी. दोन्ही पोलरायझर आडवे ठेवले तर जोड्या भरपूर, एक आडवा नि एक उभा ठेवला तर जवळजवळ शून्य. यात नवल काय? बांगड्यांच्या जोडातली एकेक बांगडी दोन घरी धाडली, तरी रंग जुळणारच. परीक्षा होते ती तिरक्या कोनात: एक पोलरायझर 45 अंशांवर, दुसरा 135 वर. नुसती सरमिसळ असेल तर दोन्ही 45 वर असताना जेवढ्या जोड्या मिळतात, तेवढ्याच इथेही. गुंता असेल तर आकडा तळ गाठतो.

माझा तीन दिवस गाठेना. 45–45 ला 480, 45–135 लाही 480! लेसरचे आडवा आणि उभा हे दोन घटक क्रिस्टलमधून वेगवेगळ्या वेगानं जात होते, त्यामुळे जोडी कोणत्या क्रिस्टलमधली हे तिच्या येण्याच्या वेळेवरूनच ठरत होतं. इतका बारीक फरक आमच्या डिटेक्टरना वाचताही आला नसता. पण कोणी वाचायची गरजच नसते; खूण उरली की गुंता गेला. शेवटी लेसरच्या वाटेत आधीच बेताच्या जाडीचा आणखी एक क्रिस्टल ठेवून उलटा उशीर लावला. 45–135 चे 480 वरून 30 झाले, 45–45 चे 930.

मग भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांची कसोटी: वेगवेगळ्या कोनांत जोड्या किती जुळतात, त्यावरून एक आकडा काढायचा. साध्या बांगड्यांना 2 च्या वर जाता येत नाही, क्वांटमची मजल 2.83 पर्यंत. आमचा आकडा 2.61 आला, रात्री पावणेदोनला.