जातं मोजायचं

रविवारी आमच्या तालुक्यातल्या एका गावात काव्यमहोत्सव झाला. विठ्ठल मंदिराचा सभामंडप, खाली सतरंज्या, मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजत होती आणि तो वास सारखा आत येत होता. सकाळी शाल-श्रीफळात पाऊण तास गेला. मग साठेक कवींचं वाचन, प्रत्येकाला तीन मिनिटं. ‘कविता घडते कशी’ या चर्चेला मात्र चाळीसच मिनिटं. ही वाटणी उलटी हवी, असं मी संयोजकांना सांगितलंय आणि पुढच्या वर्षी पुन्हा सांगणार आहे. कारण दिवसभरातलं जे घरी घेऊन आले, ते सगळं त्या चाळीस मिनिटांतलं आहे.

मंचावर तिघं होती. एक गझलकार, एक मुक्तछंदात लिहिणारा तरुण आणि गावातल्याच, ऐंशीच्या घरातल्या एक आजी. गझलकारांनी अलामत, म्हणजे काफियात (गझलेतल्या यमकात) कायम राहणारा स्वर, फार छान समजावली. वारा, पसारा, इशारा हे काफिये एकमेकांशेजारी बसतात, कारण ‘रा’च्या आधीचा ‘आ’ कायम आहे. तिथे कुणी ‘झरा’ आणला की कान ठेचकाळतो, कारण ‘आ’च्या जागी ‘अ’ आला. मी पुढच्याच रांगेत होते. हातावर लिहून घेतलं.

मग श्रोत्यांतून एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं, “ओळ कुठे तोडायची, हे कसं कळतं?”

गझलकार म्हणाले, काफिया आणि त्यामागून येणारा ठरलेला शब्द, म्हणजे रदीफ, आले की शेर संपला, तिथे मला निवडच नाही. तरुण म्हणाला, मी मोबाइलवर लिहितो, मोठ्यानं वाचतो आणि जिथे श्वास घ्यावा लागतो तिथे ओळ सोडतो. दोन्ही उत्तरं मला पटली. मग माइक आजींकडे गेला. त्यांनी तो जरा लांबच धरला.

“मी कुठं मोजत व्हती? जातं मोजे. हात फिरून आला का बोल सरे. वैरन घालाले थांबलं का मागचा बोल पुन्हा म्हनायचा.”

वैरण म्हणजे जात्याच्या तोंडात टाकायची दाण्यांची मूठ. आणि त्यांनी म्हणून दाखवलं. म्हणताना उजवा हात, जात्याचा खुंटा धरल्यासारखा, हवेतच गोल फिरत होता.

लेक गेली सासराले,
जातं झालं मले जड.

माझा अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवर चालायला लागला. ले-क-गे-ली-सा-स-रा-ले, आठ. दुसरी ओळ, पुन्हा आठ. आमच्या बहिणाबाईंचं ‘अरे संसार संसार’सुद्धा आठच अक्षरांचं आहे. त्याही कधी शाळेत गेल्या नाहीत. सोपानदेवांनी ती गाणी टिपून ठेवली, अत्र्यांनी ती ऐकली आणि 1952 साली, बहिणाबाई गेल्यानंतरच्या वर्षी, पुस्तक निघालं. हे मी वर्गात दरवर्षी सांगायचे. पण ती आठ अक्षरं कुठल्या हातातून आली असतील, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

तरुण कवीनं मग जो प्रश्न विचारला, त्यासाठी मी त्याला मनापासून दाद देते. तो म्हणाला, “आजी, लेक होती तेव्हा खुंट्याला दोघींचे हात होते. ती गेल्यावर जातं जड झालं. मग बोल लहान झाले का?”

आजी थोडा वेळ गप्प होत्या.

“नाही. बोल तेवढेच. दम जास्त लागे.”

सभामंडप शांत झाला. गझलकारांनी हातातला कागद खाली ठेवला. चर्चा खरं तर इथे रंगायला लागली होती. अक्षरं तीच असताना चाल संथ होते तेव्हा कवितेत नेमकं काय बदलतं, वृत्त सांभाळूनही दम कसा ऐकू येतो, यावर तिघांनाही बोलायचं होतं. तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली.

मी एकतीस वर्षं मराठी शिकवली. गण ओळखायचं सूत्र यमाताराजभानसलगम्, भुजंगप्रयात वृत्तात चार ‘य’ गण, वसंततिलकेत त-भ-ज-ज-ग-ग. फळ्यावर लघु-गुरूच्या खुणा करायच्या, मुलांनी वहीत गण पाडायचे, बरोबरची खूण मिळवायची. पण भुजंगप्रयात मुलांना चालत, टाळी देत, अंग हलवत म्हणायला मी लावला नाही. परीक्षेला खुणा विचारायचे, म्हणून खुणा शिकवल्या. याचं आता वाईट वाटतं. ज्यांना कविता रुक्ष वाटली, त्यातल्या काहींना ती माझ्यामुळे तशी वाटली असेल.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी खेड्याखेड्यांतून लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या छापील वाचताना मी आजवर अर्थ वाचत होते. सासुरवास, भाऊ, पंढरी. रविवारपासून त्या मोठ्यानं वाचते आणि वैरण कुठे पडली असेल ते शोधते. पहिली ओळ पुन्हा येते, तिथे मूठ जात्याच्या तोंडाशी गेलेली असते. कागदावर ती नुसती पुनरावृत्ती दिसते आणि घाईतला संपादक ती काढूनही टाकेल.

आमच्या घरचं जातं मागच्या दारी तुळशीजवळ पडून होतं. पुतण्याच्या हळदीला पुजलं, तेवढंच. बुधवारी मी आणि जाऊबाईंनी ते धुऊन, उन्हात वाळवून ओसरीवर मांडलं. खुंटा सैल झाला होता, चिंधी गुंडाळून बसवला. पसाभर गहू घेतले. शाळा सुटल्यानंतरच्या रिकाम्या वर्गावर माझी एक कविता आहे, दोन वर्षं अडकलेली. ती म्हणत फिरवायला लागले. चौथ्या ओळीत ‘अजूनही’ या शब्दाशी हात दर वेळी अडखळायचा. तीनदा म्हटलं, तीनदा तिथेच. तो शब्द काढला.

पीठ भरडच पडलं. जाऊबाई म्हणाल्या, “अक्का, पुढची ओळ म्हणा, हात थांबलाय.”