डोव्हरच्या बोगद्यात

इंग्लंडमधल्या डोव्हरच्या किल्ल्याखाली खडूच्या पांढऱ्या कड्यात खोदलेले बोगदे आहेत, नेपोलियनच्या काळातले. आत शिरताच गार, ओलसर हवा अंगावर आली. बाबा भिंतीला हात लावून उभे राहिले. तळहाताला पांढरी भुकटी लागली, ती त्यांनी बराच वेळ झटकली नाही.

दुसऱ्या महायुद्धात इथूनच ब्रिटिश नौदलाच्या बर्ट्रम रॅमझींनी डंकर्कची सुटका चालवली, म्हणजे फ्रान्सच्या त्या किनाऱ्यावर अडकलेले सैनिक जहाजांतून परत आणले. माणूस १८९८ मध्ये, पंधराव्या वर्षी नौदलात आला. पहिल्या महायुद्धात याच डोव्हरच्या गस्ती ताफ्यात 'ब्रोक' विनाशिकेचा कप्तान. पुढे १९३५ मध्ये वरिष्ठांशी पटेना म्हणून पद सोडलं, १९३८ मध्ये निवृत्तांच्या यादीत गेला. मला इथेच त्याचा मोठेपणा दिसतो: बाजूला सारलेला माणूस हाक येताच परत आला. पंचेचाळीस हजार सैनिक वाचले तरी खूप, असा अंदाज होता. २६ मे ते ४ जून १९४० मध्ये ३,३८,२२६ जण परतले!

१९४४ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरवणारी सगळी जहाजंही त्यानेच नेली. २ जानेवारी १९४५ ला पॅरिसजवळ उड्डाण करतानाच त्याचं विमान कोसळलं आणि तो गेला. विजय चार महिन्यांवर आला होता.

वर त्याचा पुतळा आहे. बाबांनी टोपी काढली.