लॉ स्कूल बदलताना: फीमाफी, कर्ज आणि काकांचा सातबारा

पहिल्या वर्षी मला निम्मी फी माफ होती. अमेरिकेतल्या पहिल्या वीसात धरली जाणारी शाळा, वर्गात वरचा नंबर, आणि तरी २०२२ च्या उन्हाळ्यात मी दुसऱ्या शाळांचे अर्ज भरत बसले होते. कारण अगदी घरगुती होतं. नवरा न्यूयॉर्कला लागून असलेल्या जर्सी सिटीत, मी विमानाने तीन तासांवर, आणि पुढे पेटंटची वकिली करायची होती ती न्यूयॉर्कमध्येच. पुण्यात इंजिनिअरिंग, मग इकडे येऊन काही वर्षं पेटंटचं काम, आणि तिशीच्या तोंडावर लॉ स्कूल. इतकं सगळं करून पुन्हा अर्ज, पुन्हा निबंध, पुन्हा वाट बघणं. आईने एका वाक्यात विषय संपवला, "फुकटातलं सोडून विकतचं घ्यायला निघालीस."

जेडी, म्हणजे अमेरिकेतली वकिलीची पदवी, तीन वर्षांची असते आणि शाळा बदलायची तर पहिल्या वर्षानंतर. पदवी देणाऱ्या शाळेला तुम्ही तिथे निदान दोन वर्षं बसलेले हवे असता, त्यामुळे त्यानंतर सहसा दार बंद. मूळ प्रवेशाला एलसॅटचे, म्हणजे लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेचे, गुण म्हणजे सर्वस्व. ट्रान्सफरला ते मागे पडतात आणि पहिल्या वर्षाचे ग्रेड पुढे येतात. ते मिळतात कर्व्हवर, म्हणजे तुम्ही किती चांगलं लिहिलं यापेक्षा शेजारच्यापेक्षा किती चांगलं लिहिलं यावर, आणि बऱ्याच विषयांत सत्राच्या शेवटी एकच परीक्षा. म्हणून 'मी पहिल्या वर्षानंतर ट्रान्सफर घेणारच' असं मनात धरून कुठल्याही शाळेत प्रवेश घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. वर्गातल्या पहिल्या दहा टक्क्यांत यायचं सगळ्यांनीच ठरवलेलं असतं.

कागदपत्रांचं फार काही वाटत नाही. अर्ज एलसॅकच्याच (एलसॅट घेणारी संस्था) पोर्टलवरून, पहिल्या वर्षाची गुणपत्रिका, विद्यार्थी नियमित आहे आणि त्याच्यावर कुठली कारवाई नाही असं जुन्या शाळेचं पत्र, पहिल्या वर्षाच्या प्राध्यापकांची शिफारसपत्रं, आणि 'आमच्याकडेच का' यावर छोटा निबंध. अवघड गेलं ते शिफारसपत्र मागणं. ज्यांच्या वर्गातून निघून जायचं त्यांनाच 'मला जायला मदत करा' कसं म्हणायचं? काँट्रॅक्ट्स शिकवणाऱ्या सरांकडे गेले तर ते शांतपणे म्हणाले, हे दर वर्षी कुणीतरी मागतंच. पत्र देतो, पण सोडण्याआधी आमच्या फीमाफीचे पुढच्या दोन वर्षांचे पैसे कागदावर मांड. मी ते मांडले, आणि पुढचा सगळा उन्हाळा त्या एका आकड्याभोवती फिरला.

कुठे अर्ज करायचा ते ठरवायला अमेरिकन बार असोसिएशनच्या नियम ५०९ खालचा अहवाल सगळ्यांत उपयोगी पडला. प्रत्येक शाळेला तो दर डिसेंबरात जाहीर करावा लागतो. किती विद्यार्थी ट्रान्सफरने आले, कुठल्या शाळांतून आले, किती सोडून गेले, हे त्यात छापलेलं असतं. आलेल्यांची संख्या पुरेशी असेल तर त्यांचे पहिल्या वर्षाचे ग्रेडही. जॉर्जटाऊनसारखी शाळा दर वर्षी ट्रान्सफरवाल्यांचा मोठा जत्था घेते, तर येलसारख्या छोट्या शाळेत मोजकेच. त्याच अहवालात फीमाफीचा तक्ताही असतो, पण तो सगळ्या विद्यार्थ्यांचा मिळून. त्यावर भाळू नका. ट्रान्सफरवाल्याच्या वाट्याला काय येतं हे त्यातून कळत नाही.

तर मुद्द्याची गोष्ट. मूळ प्रवेशाच्या वेळी शाळा गुणांवर फीमाफी देतात, कारण तुमचा एलसॅट त्यांच्या मीडियनमध्ये, म्हणजे वर्गाच्या मधल्या गुणात, जातो आणि तो मीडियन क्रमवारीत. ट्रान्सफरवाल्याचा एलसॅट त्या मीडियनमध्ये धरला जात नाही, मग तुमच्यासाठी कोण पैसे मोजणार? बहुतेक वरच्या शाळांत गुणांवरची फीमाफी ट्रान्सफरला नसते. उरतं गरजेवरचं अनुदान. हार्वर्ड, येल आणि स्टॅनफर्ड या तीन लॉ स्कूल फक्त आर्थिक गरज बघून अनुदान देतात, इतर बऱ्याच ठिकाणी दोन्ही प्रकार असतात, आणि ट्रान्सफरला त्यातलं काय लागू हे प्रत्येकीचं वेगळं. मी प्रत्येक शाळेच्या एड ऑफिसला, म्हणजे आर्थिक मदतीच्या कार्यालयाला, अर्जाची फी भरण्याआधी तेच दोन प्रश्न पाठवले. ट्रान्सफर विद्यार्थ्याला कर्जाव्यतिरिक्त काही मिळतं का? मिळत असेल तर दोन्ही वर्षी मिळतं का? काहींनी स्पष्ट लिहिलं, नाही. त्या उत्तराने अर्जाची फी वाचली.

गरजेवरच्या अनुदानाचा फॉर्म मात्र पुरून उरला. सरकारी फॉर्म, म्हणजे फाफ्सा, पदवीनंतर शिकणाऱ्या प्रत्येकाला आपोआप स्वतंत्र धरतो, आई-वडिलांचं काही विचारत नाही. शाळेचा स्वतःचा फॉर्म विचारतो. लग्न झालेलं, नोकरी केलेली, ग्रीन कार्ड नवऱ्यामुळे मिळालेलं, तरी कराडच्या आई-बाबांचं उत्पन्न आणि मालमत्ता हवीच. बाबा अनुदानित शाळेतले निवृत्त शिक्षक. पेन्शनचा कागद कोषागारातून मिळाला, आयकराचं विवरणही होतं. तेव्हा डॉलर ऐंशी रुपयांच्या आसपास होता, त्यामुळे बाबांची पेन्शन डॉलरमध्ये लिहिताना मलाच वाईट वाटलं, फॉर्मला बहुधा बरं वाटलं असेल.

अडलं ते 'राहतं घर सोडून इतर स्थावर' या रकान्यात. गावाकडे आजोबांची जमीन आहे, वाटणी झालेली नाही, सातबाऱ्यावर बाबा, दोन काका, आत्या आणि वारलेल्या काकांची मुलं अशी रांग. मी फोनवर बाबांना विचारलं, तुमच्या हिश्श्याची किंमत किती लिहू?

"अगं, हिस्सा कागदावर आहे. बाजारात विकायला काढला तर धाकटा काका ट्रॅक्टर आडवा घालेल."

"पण काहीतरी आकडा लागतो."

"मग शून्य लिही."

शून्य लिहून चालणार नव्हतं, आणि गुंठ्याच्या दराने गुणाकार करून लिहिलं असतं तर आम्ही जमीनदार ठरलो असतो. शेवटी डिजिटल सहीचा सातबारा काढला, पंधरा रुपयांत मिळतो, त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, आणि सोबत एक पानाचं पत्र: ही सामाईक वडिलोपार्जित जमीन आहे, वाटप झालेलं नाही, एकट्याने विकता येत नाही, वर्षाचं उत्पन्न इतकं. बाबांच्या हिश्श्याची अंदाजी किंमत वेगळी लिहिली आणि ती हाताशी येणारी नाही हेही. एड ऑफिसमधल्या बाईंचा उलट प्रश्न आला की यातला कुठला भाग कर्जाला तारण ठेवता येईल. पुन्हा पत्र. पण त्यांनी ते वाचलं, समजून घेतलं आणि जमीन हिशोबातून वगळली. लपवू नका आणि फुगवूही नका. अविभक्त जमीन काय असते हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं, एवढंच.

जुलैत दोन होकार आले. एक दुसऱ्या शहरातल्या शाळेचा, वर्षाला पंचवीस हजार डॉलरच्या अनुदानासह. दुसरा मॅनहॅटनमधल्या शाळेचा, अनुदान काही नाही, घ्या कर्ज. जुन्या शाळेत फीमाफी वजा जाता राहण्याजेवणासह वर्षाला सत्तावन्न हजारांच्या आसपास पडत होतं. अनुदानवाल्या शाळेत फी बहात्तर, त्यातून पंचवीस गेले, पण नव्या शहरातली खोली अठ्ठावीस: एकूण पंचाहत्तर. मॅनहॅटनमध्ये फीच पंचाहत्तर, पण घर जर्सी सिटीतलं, ज्याचं भाडं तसंही जातच होतं, आणि जर्सी सिटी-मॅनहॅटन पाथ ट्रेनचा पास. त्र्याऐंशीत सगळं बसत होतं. म्हणजे अनुदानाच्या शाळेचा फायदा वर्षाला आठ हजार, आणि त्यासाठी आणखी दोन वर्षं दोन शहरांत संसार. ते पत्र मी आनंदाने परत केलं.

जुन्या शाळेशी मात्र बोलले. डीनच्या कार्यालयाला दोन्ही होकार दाखवले तेव्हा त्यांनी माफी निम्म्यावरून पाऊणवर नेली. म्हणजे मॅनहॅटनचा खरा जादा भार दोन वर्षांत ऐंशी-पंच्याऐंशी हजार डॉलर. एवढ्या पैशाला काय मिळत होतं? न्यूयॉर्कच्या फर्म आपल्याकडे येऊन मुलाखती घेतील अशी जागा, आणि घर. मी मॅनहॅटनच घेतलं. वर्गात वरच्या नंबराला असलेल्या आणि जुन्याच शहरात नोकरी हवी असलेल्या माणसाला यातलं काहीच लागत नाही. त्याने पाऊण माफी घ्यावी आणि गुपचूप बसावं.

कर्जाची बाजू तेव्हा सोपी होती. सरकारी थेट कर्ज वर्षाला २०,५०० डॉलर, त्यावर लागेल तेवढं ग्रॅड प्लस, म्हणजे पदवीनंतर शिकणाऱ्यांसाठीचं जादा सरकारी कर्ज. २०२२-२३ ला व्याजदर अनुक्रमे ६.५४ आणि ७.५४ टक्के, पुढच्या वर्षी ७.०५ आणि ८.०५. प्लसवर सव्वाचार टक्क्यांच्या आसपास शुल्क आधीच कापून घेत, हे लक्षात ठेवूनच रक्कम मागावी लागे. शाळा बदलली की फाफ्सात नव्या शाळेचा कोड घालावा लागतो, आणि जुनं कर्ज शिकत असेपर्यंत थांबलेलं राहतं. कोविडमुळे सप्टेंबर २०२३ पर्यंत सरकारी कर्जावर व्याज शून्य होतं, त्याचा मला आयता फायदा झाला.

आता ते दिवस गेले. जुलै २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस बंद, आणि वकिलीसारख्या व्यावसायिक पदवीला सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला पन्नास हजार, एकूण दोन लाख डॉलर. वर्षाचा खर्च कित्येक शाळांत एक लाखापुढे गेला आहे. वरचे पैसे खासगी कर्जाने, म्हणजे बहुतेकदा जामीनदार शोधून. ज्यांनी आधी प्लस घेतलंय त्यांना मर्यादित सवलत आहे. शाळा बदलल्यावर ती टिकते का, हे नव्या शाळेच्या एड ऑफिसकडून लेखी घ्या. सरकारी वा धर्मादाय क्षेत्रात कमी पगारावर काम करणार असाल तर आणखी एक प्रश्न: कर्जफेडीला मदत करणारी शाळेची योजना पहिल्या वर्षीच्या, दुसऱ्या शाळेतल्या कर्जालाही लागू होते का?

गेल्या महिन्यात मंडळातल्या एका मुलीने हेच सगळं विचारलं. तिचीही निम्मी माफी आहे. मी तिला आधी स्वतःच्या शाळेच्या डीनकडे पाठवलं, होकारपत्र हातात घेऊन.