व्होल्गोग्राड : भिंतीवर वाक्य आहे, लेखकाचं नाव नाही

व्होल्गोग्राड म्हणजे पूर्वीचं स्टालिनग्राड. इथल्या मामायेव कुर्गानला, म्हणजे युद्धस्मारकाच्या टेकडीला, जायचं तर ट्राम पकडायची. ही ट्राम मधेच जमिनीखाली शिरते, खाली तिला मेट्रोसारखी स्टेशनं आहेत आणि आपण सोडून डब्यात कुणालाच त्याचं काही वाटत नाही. माझा मावसभाऊ इथे एमबीबीएस करतोय, इथल्या मेडिकल युनिव्हर्सिटीत आपली पोरं भरपूर आहेत. तो म्हणाला, दादा सकाळीच जाऊ, नंतर शाळांच्या सहली येतात मग फोटो काढायला पण जागा मिळत नाही. म्हटलं चल बाबा.

टेकडी म्हणजे तशी लहानच, पण १९४२-४३ मधे स्टालिनग्राडच्या लढाईत हिच्यासाठी रशियन आणि जर्मन दोन्ही बाजूंची इतकी माणसं मेली की माती आणि लोखंड वेगळं करता येत नव्हतं म्हणतात. पायथ्यापासून २०० पायऱ्या, लढाई २०० दिवस चालली म्हणून. वर तलवार उगारलेल्या मातृभूमीचा पुतळा, तलवारीसकट ८५ मीटर. सगळे तिच्याकडे बघत भराभर चढतात. मी मात्र अर्ध्यावर एका आयताकृती तलावापाशी थांबलो कारण मला जे बघायचं होतं ते तिथेच होतं. तलावाच्या एका बाजूला सैनिकांचे पुतळे आणि समोर फडकत्या झेंड्यासारखी लांबलचक भिंत, तिच्यावर भलीमोठी अक्षरं. भावाने अडखळत वाचून दाखवलं, साधारण असं की लोखंडी वारा त्यांच्या तोंडावर आदळत होता आणि ते पुढेच चालले होते, शत्रूच्या मनात पुन्हा भुताखेताची वाटावी तशी भीती भरत होती की ही चालून येणारी माणसंच आहेत ना, यांना मरण आहे ना?

हे वाक्य वासिली ग्रॉसमन या रशियन लेखकाचं. भिंतीवर कुठेही त्याचं नाव नाही. पुढे गोल दालनात ज्योत धरलेला हात आहे, मंद आवाजात शूमान या जर्मन संगीतकाराचं संगीत चालू असतं आणि भिंतीवर वर या प्रश्नाचं उत्तर पण लिहिलंय, की होय, आम्ही मर्त्यच होतो आणि आमच्यातले फार थोडे उरले. तिथेही नाव नाही.

ग्रॉसमन मूळचा केमिकल इंजिनियर. जन्म १९०५ चा, युक्रेनमधल्या बेर्दिचेव गावचा, ज्यू घरातला. चष्मा, जाड अंग, सैन्यात घेण्यासारखा नव्हताच, पण 'क्रास्नाया झ्वेझ्दा' या लष्करी पेपरचा वार्ताहर म्हणून तो युद्धावर गेला आणि स्टालिनग्राडच्या ढिगाऱ्यांत राहिला. त्याची एक सवय मला फार आवडते, तो समोरच्याशी बोलताना वही काढायचाच नाही, रात्री आठवून लिहायचा. गुर्तिएव नावाचा एक सैबेरियन जनरल, अतिशय अबोल माणूस, तो म्हणे ग्रॉसमनशी सलग सहा तास बोलला आणि ते पण लढाई ऐन भरात असताना. भिंतीवरचं वाक्य या गुर्तिएवच्या सैनिकांवरच्या लेखातलंच आहे. आणि गंमत बघा, जर्मन शरण येण्याच्या काही आठवडे आधी पेपरने त्याला इथून हलवलं आणि त्याच्या जागी सिमोनोव या दुसऱ्या वार्ताहराला पाठवलं, म्हणजे मेहनत याची आणि विजयाची बातमी दुसऱ्याची. पत्रकारितेतल्या मित्रांना हे नवीन वाटणार नाही.

पुढे तो सैन्याबरोबर पोलंडमधल्या ट्रेब्लिंकाला पोचला. तिथल्या छळछावणीवरचा त्याचा १९४४ चा लेख नाझी नेत्यांवरच्या न्यूरेम्बर्ग खटल्यात वापरला गेला. त्याच वर्षी तो बेर्दिचेवलाही गेला. आई तिथेच राहिली होती, १९४१ च्या सप्टेंबरमधे जर्मनांनी गावातल्या हजारो ज्यूंबरोबर तिलाही मारलं होतं. तिला वेळेत मॉस्कोला आणलं नाही हे त्याच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही. ती गेल्यावर ९ वर्षांनी आणि परत २० वर्षांनी त्याने तिला पत्रं लिहिली.

इथे एक आपल्याकडची गोष्ट. ही लढाई ताजी असताना अण्णाभाऊ साठेंनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला होता, आणि १९६१ मधे ते स्वतः रशिया बघून आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत केजीबीची माणसं ग्रॉसमनच्या घरात शिरली आणि त्याच्या मोठ्या कादंबरीची हस्तलिखितं घेऊन गेली, कच्चे कागद, कार्बन पेपर, टाइपरायटरच्या रिबिनी सुद्धा सोडल्या नाहीत. अण्णाभाऊंना यातलं काही कळणं अर्थातच शक्य नव्हतं. मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या लायब्ररीत २०२२ पासून अण्णाभाऊंचा पुतळा आहे, परत जाताना तो बघितला, बरं वाटलं.

कादंबरी म्हणजे 'लाइफ अँड फेट'. तिच्यात नाझींच्या एसएस दलाचा एक अधिकारी पकडलेल्या जुन्या बोल्शेविकाला, म्हणजे रशियन कम्युनिस्टाला, सांगतो की आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो तेव्हा आरशातच बघत असतो. स्टालिनग्राड जिंकलेल्या देशात हे छापून यायला कोण देणार? ग्रॉसमनने तेव्हाचा सोव्हिएत नेता ख्रुश्चेव याला लिहिलं की मी बाहेर आणि पुस्तक तुरुंगात, या माझ्या मोकळेपणाला अर्थ काय. त्यावर कम्युनिस्ट पक्षाचा बडा नेता सुस्लोव त्याला म्हणाला, अजून दोनशे-तीनशे वर्षं तरी हे छापता येणार नाही. १९६४ मधे तो कॅन्सरने गेला, आणि तीनच वर्षांनी, १९६७ ला, या स्मारकाचं उद्घाटन झालं. पुस्तक कुलपात आणि वाक्य टेकडीवर, तेही फूटभर अक्षरांत! मला याचा राग येतो, पण खरं सांगायचं तर भिंतीसमोर उभं राहिल्यावर वाक्य अंगावर येतंच, त्याला इलाज नाही.

दोनशे वर्षं काही लागली नाहीत. मित्राने लपवून ठेवलेल्या प्रतीची मायक्रोफिल्म बाहेर गेली, १९८० ला स्वित्झर्लंडमधे पुस्तक आलं आणि १९८८ ला खुद्द रशियात. जप्त केलेले कागद सरकारने २०१३ मधे अर्काइव्हला दिले.

आमच्या पुढे एक शाळेची सहल होती, पोरं ज्योतीजवळ पहारा बदलताना बघायला पळाली, भिंतीसमोर सेल्फी काढायला दोघं-तिघं थांबली. भावाला विचारलं, तुमच्या रशियन मित्रांना हे कुणाचं वाक्य माहितीये का? तो म्हणाला, कधी विषयच निघाला नाही दादा.

जाणाऱ्यांसाठी, पॅनोरमा म्युझियम आणि त्याच्या शेजारची बाँबने चाळण झालेली लाल विटांची पिठाची गिरणी अजिबात चुकवू नका, ती मुद्दाम तशीच ठेवलीये. कादंबरी रॉबर्ट चँडलरच्या इंग्रजी अनुवादात मिळते. जाडजूड आहे, रशियन नावं डोक्यात राहत नाहीत, शेवटी पात्रांची यादी आहे तिथे बोट ठेवूनच वाचा. आणि अगदीच धीर होत नसेल तर पहिल्या भागातलं १८ वं प्रकरण आधी वाचा, ज्यू वस्तीत कोंडलेल्या एका आईचं मुलाला पत्र आहे.