न वळलेला चेंडू

ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याजवळच्या गहुंज्यात न्यूझीलंडने भारताला ११३ धावांनी हरवले आणि मायदेशात सलग १८ कसोटी मालिका जिंकण्याचा भारताचा क्रम थांबला. त्यानंतर बहुतेकांनी खेळपट्टीला बोल लावला. मला ते पटले नाही. न्यूझीलंडचा डावखुरा फिरकीपटू मिचेल सँटनर याने पहिल्या डावात ५३ धावांत ७ बळी घेतले खरे, पण त्यांतले बहुतेक फलंदाज पायचीत किंवा त्रिफळाचीत झाले; म्हणजे त्यांना वळलेल्या चेंडूपेक्षा सरळ राहिलेल्या चेंडूने अधिक फसवले. कोहलीचा त्रिफळा तर चक्क फुलटॉसवर, म्हणजे टप्पा न पडता आलेल्या चेंडूवर, उडाला, त्यामुळे तिथे खेळपट्टीचा संबंधच नव्हता.

कोरड्या, भेगाळलेल्या खेळपट्टीवर एक चेंडू हातभर वळतो आणि दुसरा, त्याच हाताने टाकलेला, टप्प्यावर नुसता घसरून आत येतो. फलंदाजाच्या डोक्यात मात्र तो हातभर वळलेला चेंडूच घोळत राहतो. वळण गृहीत धरून तो बॅट आधीच बाहेरच्या रेषेत नेतो आणि पुढे रोवलेला पाय यष्ट्यांसमोर अडकून पडतो. सँटनर त्यातच वेगात थोडा थोडा फरक करत होता. याच मैदानावर २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने ७० धावांत १२ बळी घेतले, त्यांतले काही याच सापळ्यावर. सात वर्षांत आपण काहीच शिकलो नाही, असे म्हणणे कठोर वाटेल, पण ते अगदीच खोटेही नाही.

यावर उतारा जुनाच आहे. सरळ चेंडूसाठी खेळावे, वळणारा बॅटला चकवून गेला तर जाऊ द्यावा. १९८७ साली बंगळूरच्या आखाड्यावर गावसकर पाकिस्तानच्या फिरकीसमोर हात सैल ठेवून, चेंडू अगदी जवळ येऊ देऊन ९६ धावांपर्यंत पोहोचले. तो सामना आपण १६ धावांनी हरलो, तरी ती खेळी अजून शिकवण्याजोगी आहे. गहुंज्यात न्यूझीलंडच्या लॅथमने ८६ धावा काढताना स्वीपचा, म्हणजे गुडघा टेकून मारलेल्या आडव्या फटक्याचा, चांगला उपयोग केला, हेही सांगायला हवे.

पुढच्याच आठवड्यात वानखेडेवर १४७ धावांचे लक्ष्य होते आणि आपली अवस्था ५ बाद २९ झाली. पंतने ६४ धावा करून आशा जागवली, पण डाव १२१ वर संपला. न्यूझीलंडकडून खेळणाऱ्या, मूळ मुंबईच्या एजाझ पटेलने सामन्यात ११ बळी घेतले. २०२१ मधले १४ धरता वानखेडेवरच्या दोन कसोटींत त्याचे २५ बळी झाले. त्या शेवटच्या डावात गिलने त्याचा एक चेंडू बाहेर जाणार असे समजून बॅट उचलून सोडून दिला. तो वळलाच नाही आणि यष्टीवर जाऊन आदळला.